लाइनवर रोबो बसतो तेव्हा: सीएनसी ऑपरेटरसाठी, नोटिशीपासून नाइट शिफ्टपर्यंत

चाकण पट्ट्यातल्या एका टर्निंग शॉपमध्ये मार्च २०२४ ते मे २०२५ या काळात सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) लेथच्या चार जोड्यांवर रोबो बसले. जॉब, म्हणजे मशीनवर कापायचा भाग, दुचाकीच्या गिअरबॉक्सचे गिअर ब्लँक (दाते पाडायच्या आधीचे गिअर), तेही वर्षभर जवळपास एकाच आकाराचे. भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली, जिथे जिथे असा एकच जॉब महिनोन्महिने चालतो तिथे आज ना उद्या हे होणार आहे. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सच्या आकड्यांनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले. तेव्हा काय क्रमाने घडतं, कुठे अडतं आणि ऑपरेटरने कधी काय विचारायचं, ते लिहून ठेवतो.

आधीचं काम असं होतं. २०एमएनसीआर५ या पोलादाचं फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा भाग), वजन साधारण १.२ किलो, दोन सेटअप, प्रत्येकी ५५ सेकंद सायकल, त्यातले १२ सेकंद जॉब काढण्या-लावण्यात. एका जोडीवर एक ऑपरेटर. चार जोड्या, तीन शिफ्ट म्हणजे १२ ऑपरेटर. शिवाय रिलिव्हर आणि माल ओढायला हेल्पर. प्रत्येक जॉब चार वेळा हातात यायचा: दोनदा लावायला, दोनदा काढायला. शिफ्टला साडेचारशेच्या वर जॉब. मनगट आणि खांदा का धरतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोबोमुळे हे ओझं गेलं, ते चांगलंच झालं.

घोषणा होण्याच्या बऱ्याच आधी चाहूल लागते. कुणीतरी मोबाइलवर पूर्ण सायकलचं शूटिंग करून नेतं, फोर्जिंगच्या पुरवठादाराकडून पार्टिंग लाइनच्या फ्लॅशची (साच्याच्या सांध्यावर राहणाऱ्या जादा धातूची) मापं मागवली जातात, मशीनच्या दाराला ऑटो-डोअरचा सिलिंडर बसतो, कॉम्प्रेसरची क्षमता मोजली जाते. मार्चमध्ये हे सगळं एकाच पंधरवड्यात दिसलं. ऑपरेटरसाठी खरा महत्त्वाचा काळ हाच, कारण पुढे कोण राहणार आणि कोण नाही हे बरंचसं याच महिन्यांत ठरतं.

कंपनी हा खर्च का करते तेही समजून घ्या. एका सेलला, म्हणजे रोबो बसवलेल्या एका जोडीला, रोबो, डबल ग्रिपर (दोन जॉब धरणारा पंजा), कन्व्हेयर, जाळी आणि प्रोग्रामिंग धरून २५ लाखांच्या आसपास खर्च. चार सेलचे एक कोटी. ऑपरेटरमागे पीएफ-ईएसआयसकट महिन्याला २१ हजार धरले आणि सहा जागा कमी झाल्या, तर वर्षाला वाचतात पंधरा लाख. म्हणजे नुसत्या पगारावर पैसे वसूल व्हायला साडेसहा वर्षं लागतील. एवढ्यावर कुठलाही मालक सही करणार नाही. खरा हिशेब जेवणाच्या अर्ध्या तासाचा आणि दोन चहांच्या दहा-दहा मिनिटांचा असतो. ५० मिनिटांत ५५ सेकंदाने ५४ जॉब. चार जोड्या आणि तीन शिफ्ट मिळून रोजचे ६४८. त्यातले निम्मे जरी पदरात पडले तरी गणित बदलतं. म्हणून मीटिंगमध्ये ‘आम्ही पगार कमी घेतो, रोबो नको’ असं म्हणून उपयोग नसतो. दोन जेवणाच्या वेळा, रिलिव्हरची नीट पाळी, असं काही मांडलं तरच ते कानावर घेतलं जातं. ते मांडायची वेळ ऑर्डर निघायच्या आधी असते. ॲडव्हान्स गेल्यावर कुणी ऐकत नाही.

कागदांचं काम

एप्रिलमध्ये बोर्डावर नोटीस लागली. तेव्हा औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ लागू होता. त्याच्या कलम ९-अ प्रमाणे, ज्या सुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता आहे तिची २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्यातही ही २१ दिवसांची तरतूद कलम ४० मध्ये आहे. कपात झालीच, तर एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन मिळालं पाहिजे. ग्रॅच्युइटी वेगळी. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीही आहे: मालकाने कपात झालेल्या कामगारामागे १५ दिवसांचं शेवटचं वेतन त्यात भरायचं आणि ते ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते.

ग्रॅच्युइटी सोडली तर हे सगळं ‘कपात’ या नावाखाली झालं तरच मिळतं. ‘स्वखुशीने राजीनामा’ असा मजकूर पुढे आला की सही करण्याआधी वरची बेरीज कागदावर करून बघा आणि देऊ केलेली रक्कम तिच्याशी ताडा. कोऱ्या कागदावर तर सही करूच नका. नेमणूकपत्र, गेल्या वर्षाच्या पे-स्लिपा, यूएएन (पीएफचा क्रमांक), ईएसआय कार्ड, आयटीआयचं प्रमाणपत्र यांच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवा. कंत्राटी असाल तर पे-स्लिपवर ठेकेदाराचं नाव कोणतं आणि ते मधेच बदललंय का ते पाहा. नाव बदललं की सेवा तुटल्याचा दावा होतो आणि सलग सेवेसाठीचे २४० दिवस मोजणं अवघड जातं.

आता फ्लोअरवर

मे ते जुलै तयारीत गेले. रोबोचं बुकिंग झाल्यावर तो यायला महिने लागतात, तोवर मशीन रोबोसाठी लायक करायची असते. या टप्प्यावर ऑपरेटरच्या हाताला जे कळत होतं आणि कुठे लिहिलेलं नव्हतं, ते एकेक उघडं पडायला लागतं.

पहिली गोष्ट चिप्स, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस. गिअर ब्लँकच्या फिनिश कटमध्ये ०.३ मिमी खोली असली की चिप तुटत नाही, लांब दोरा होतो आणि चकभोवती (जॉब धरून फिरणारा भाग) गुंडाळतो. ऑपरेटर हुकने तो ओढून पुढचा जॉब लावायचा, त्याची नोंद कुठेच होत नसे. रोबोला हुक नाही. जॉच्या (चकच्या जबड्याच्या) सीटवर एक चिप राहिली की जॉब तिरका बसतो, फेस रनआउट (पुढच्या बाजूचं डगमगणं) मर्यादेबाहेर जातो किंवा जॉब उडतो. इलाज तिहेरी लागला. फिनिशचा फीड (एका फेऱ्याला टूल किती मिमी सरकतं ते) ०.१८ वरून ०.२५ वर नेला आणि बारीक चिपब्रेकरची टिप (टूलचा कापणारा तुकडा) घेतली. त्याने रफनेस वाढतो, म्हणून ड्रॉइंगमधली मर्यादा आधी पाहून घ्यावी लागली. दुसरं, चक उघडल्यावर कूलंटचा फवारा आणि मग हवेचा ब्लो. तिसरं, जॉच्या सीटमध्ये बारीक छिद्र पाडून एअर सीट-चेक: जॉब नीट टेकला नाही तर हवा निसटते, दाब पडतो आणि स्पिंडल सुरूच होत नाही. यातला काही खर्च वाचवायचा असेल तर फवारा गाळा, सीट-चेक गाळू नका.

दुसरी गोष्ट फोर्जिंग. फ्लॅश नीट ट्रिम नसलेला जॉब ऑपरेटर नुसत्या नजरेने बाजूला टाकायचा. ग्रिपरच्या बोटांचा स्ट्रोक ठरलेला असतो. ओडी, म्हणजे बाहेरचं माप, १ मिमीने मोठी आली तरी बोट आत जात नाही किंवा पकड सैल राहते. पुरवठादाराची टॉलरन्स कागदावर ठीक असते, तक्रार असते ती अंडाकृती जॉबची. त्यामुळे कन्व्हेयरच्या तोंडाशी साधं लोखंडी रिंग-गेज बसवलं. त्यातून न जाणारा जॉब आत जातच नाही. ही सूचना ऑपरेटरकडून आली होती आणि खर्च एक-दीड हजाराचा.

तिसरी टिप. सीएनएमजी १२०४०८ टिपेला चार कडा. आवाज बदलला, चिपचा रंग निळसर काळा झाला की ऑपरेटर कड फिरवायचा. सरासरी २२० जॉबला एक कड. सेलमध्ये हे टूल-लाइफ काउंटर ठरवतो आणि तो सावधपणे १८० वर लावला जातो. टिप साडेतीनशेची धरली तर जॉबमागे खर्च ४० पैशांवरून ४९ पैशांवर गेला. हे आकडे लिहून ठेवा. पुढे काउंटर वाढवायचा निर्णय होतो तेव्हा कोणत्या बॅचच्या फोर्जिंगला किती चालली, ही नोंद ज्याच्याकडे असते त्याला बोलावलं जातं.

ऑगस्टमध्ये पहिला सेल बसला. फाउंडेशन, जाळी, दाराचं इंटरलॉक यात फारसं सांगण्यासारखं नाही. मशीन बंद असल्याने ऑपरेटरना पॅकिंगला किंवा दुसऱ्या लाइनला पाठवलं जातं. इथे सुपरवायझरला सांगून निदान एका शिफ्टचे काही तास सेलपाशी मागून घ्या. कमिशनिंग करणारा इंजिनिअर एकटा असतो. जॉ बोअर करून (जॉबच्या मापाला कापून) द्यायला, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) सांगायला त्याला माणूस हवाच असतो. त्याच्याशेजारी उभ्या असलेल्याला जे कळतं ते नंतरच्या औपचारिक ट्रेनिंगमध्ये येत नाही.

ट्रेनिंग आठवड्याभराचं असतं आणि अर्धं सुरक्षेत जातं. पेंडंटच्या (रोबो हलवायच्या हातातल्या पॅनेलच्या) मागचा डेडमॅन स्विच तीन स्थितींचा: सोडला तरी रोबो थांबतो, घाबरून घट्ट दाबला तरी थांबतो, मधल्या स्थितीतच चालतो. टी-१ (शिकवण्याच्या) मोडमध्ये वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही; शिकताना ओव्हरराइड १० टक्क्यांवर ठेवा. जाळीच्या आत जाताना कुलूप स्वतःचं लावा आणि किल्ली खिशात ठेवा. दुसऱ्याने लावलेल्या कुलपाच्या भरवशावर आत जायचं नाही.

सगळ्यात जास्त सराव एकाच गोष्टीचा करा: रोबो चकमध्ये अडकला तर बाहेर कसा काढायचा. ग्रिपर आणि चक दोघांनी जॉब धरलेला असताना रोबो हलवला की बोटं वाकतात. आधी कोण सोडणार ते ठरवा. मग जॉइंटमध्ये एकेक अक्ष फिरवू नका. टूल फ्रेम निवडून स्पिंडलच्या सरळ रेषेत मागे या, दाराबाहेर आल्यावर होमला (मूळ जागी) न्या. हे ज्याला शांतपणे जमतं त्याला रात्री तीन वाजता मेंटेनन्सची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे आय-ओ स्क्रीन वाचणं. रोबो आणि मशीन एकमेकांना मोजके सिग्नल देतात: सायकल संपली, स्पिंडल थांबला, दार उघडलं, चक उघडला, जॉब घेतला, रोबो बाहेर आला. ‘रोबो बंद पडला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा रोबो धडधाकट असतो आणि यातला एखादा सिग्नल आलेला नसतो. दाराच्या सिलिंडरवरचा रीड स्विच कंपनाने सरकलेला असतो, प्रॉक्झिमिटी सेन्सरच्या तोंडावर चिप चिकटलेली असते, किंवा शेजारच्या लाइनने हवा ओढल्यामुळे दाब ५ बारच्या खाली गेलेला असतो. कोणता दिवा लागला नाही एवढं बघितलं तरी अर्धा तास वाचतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्पादन आधीपेक्षा कमी होतं. वरचे लोक चिडतात, व्हेंडर मशीनवर ढकलतो, मेंटेनन्स व्हेंडरवर. या काळात एका वहीत वेळ, अलार्म नंबर, कोणता सिग्नल, काय केलं एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवली गेली. महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं: सर्वात जास्त थांबे चिप्समुळे, मग सेन्सरमुळे, मग हेल्परने ट्रेमध्ये जॉब उलटा ठेवल्यामुळे. खुद्द रोबोचे बिघाड शेवटी. वेगाबाबतही एक सांगतो. शिफ्टच्या पहिल्या तासात चांगला ऑपरेटर रोबोपेक्षा जलद जॉब बदलतो. पहाटे चारला तसं राहत नाही.

बोअरमध्ये मात्र अनपेक्षित फायदा झाला. २५ एच७ ला (२५ मिमी भोकाच्या मापाची ठरलेली सूट) वर-खाली मिळून २१ मायक्रॉनच जागा. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत मशीन थंड व्हायचं आणि नंतरचे काही जॉब सरकायचे. सलग चालल्याने ते थांबलं. सोमवारी सकाळी वॉर्म-अप प्रोग्राम चालवावाच लागतो. आउटफीडला एअर गेज जोडून ऑफसेट आपोआप जाईल अशी व्यवस्थाही झाली. तिथे एक मर्यादा घालून घ्या: एका वेळी ५ मायक्रॉनपेक्षा जास्त दुरुस्ती नाही, आणि तीही सलग काही जॉबच्या सरासरीवर. नाहीतर गेजच्या नोझलवर बसलेला एक कण चांगल्या मशीनला चुकीचा ऑफसेट देतो आणि पुढचा सगळा ट्रे जातो.

रोबोच्या बेसमध्ये बॅटऱ्या असतात, एन्कोडरची स्थिती लक्षात ठेवायला. त्या वर्षाकाठी बदलायच्या, कंट्रोलर चालू ठेवून आणि इमर्जन्सी दाबून. पॉवर बंद असताना काढल्या तर मास्टरिंग (रोबोची मूळ शून्य स्थिती) जातं आणि सगळे पॉइंट पुन्हा तपासावे लागतात. काही शे रुपयांच्या बॅटऱ्यांपायी शिफ्टच्या शिफ्ट जाते, म्हणून तारीख कंट्रोलरच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा.

कॅमेरा

जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या दोन सेलवर एआय कॅमेरा आला. काम: डेंट, न कापलेली काळी फोर्जिंग स्किन, कापायचा राहिलेला चॅम्फर (कडेचा उतार) ओळखणं. त्याला शिकवायला हजारो फोटो लागतात आणि प्रत्येकावर ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ कुणीतरी म्हणावं लागतं. दोन ऑपरेटर आणि एक क्वालिटीवाला यांनी तोच ट्रे स्वतंत्रपणे निवडायचा, जिथे मत फुटेल ते जॉब तिसऱ्या ट्रेत, अशी पद्धत ठेवली. तो तिसरा ट्रे बराच भरला. ग्राहकाकडून सही झालेले लिमिट सॅम्पल (इथवर चालेल हे दाखवणारे नमुने) मागवल्याशिवाय तो रिकामा होत नाही, आणि ते यायला आठवडे लागतात. आधीच मागवा.

सुरुवातीला कॅमेरा चांगले जॉब भराभर फेकत होता. कूलंटचा थेंब त्याला डेंट वाटायचा. कॅमेऱ्याआधी दोन सेकंद ब्लो दिला. दुपारी छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन यायचं. काळा हूड बसवला. मग टिपेची ग्रेड बदलली, पृष्ठभागाची चमक बदलली आणि रिजेक्शन पुन्हा वाढलं. शिकवलेल्या फोटोंत ती चमक नव्हतीच. त्यामुळे टिप, कूलंट किंवा फोर्जिंगचा पुरवठादार बदलला की कॅमेऱ्याची पुन्हा तपासणी, हा नियम सेटिंग शीटवर घालून घ्या. रोज शिफ्ट सुरू होताना मुद्दाम खराब असलेले मास्टर जॉब त्याला दाखवायचे. त्यातला एकही सुटला तर लाइन थांबवायची. याला जेमतेम पाच मिनिटं लागतात, आणि घाईच्या दिवशी पहिली कात्री यालाच लागते.

माणसांचं काय झालं

मे २०२५ मध्ये चौथा सेल सुरू झाला तेव्हा शिफ्टला दोन माणसं उरली: एक चार सेल सांभाळणारा, एक सेटिंग आणि तपासणीचा. बाराचे सहा. परमनंट असलेल्यांना दुसऱ्या लाइनवर जागा मिळाली. कंत्राटी ऑपरेटर आणि हेल्पर यांच्यापैकी बऱ्याच जणांचे गेटपास पुढच्या महिन्यासाठी झालेच नाहीत. कागदावर कपात शून्य. बाहेर ‘ऑटोमेशनमुळे एकही नोकरी गेली नाही’ असं सांगितलं जातं ते याच जोरावर, आणि ते मला पटत नाही.

जे सेलवर राहिले त्यांच्यासाठी: काम बदललं की हुद्दा आणि ग्रेड लेखी मागा. चार सेलची जबाबदारी आणि पे-स्लिपवर अजून ‘ऑपरेटर’, असं वर्षभर चालू राहू शकतं. ट्रेनिंगचं प्रमाणपत्र स्वतःच्या नावाचं घ्या. व्हेंडर ते सहसा कंपनीच्या फाइलला देतो.

ज्यांना बाहेर पडावं लागलं त्यांना सगळीकडे रोबोच दिसेल असं नाही. ५० ते २०० नगांची बॅच, रोज जॉ आणि प्रोग्राम बदल, अशा जॉबशॉपमध्ये रोबो परवडत नाही. तिथे सेटिंग येणाऱ्याला मागणी आहे. नुसतं जॉब लावता-काढता येत असेल तर आधी जॉ बोअरिंग, टूल ऑफसेट आणि ड्रॉइंग वाचणं पक्कं करा, रोबोचा कोर्स त्यानंतर. आयटीआय न झालेल्या अनुभवी माणसाला पूर्वशिक्षण मान्यता म्हणजे आरपीएलमधून मूल्यमापन करून प्रमाणपत्र मिळवता येतं. मराठवाड्यातल्यांना छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी आणि ऑटोमेशनचे कोर्स आहेत. घरातलं पोरगं दहावीनंतर आयटीआयला जाणार असेल तर टर्नर-मशिनिस्टच्या जोडीला ‘इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन’ हा एक वर्षाचा ट्रेड जवळच्या संस्थेत आहे का ते बघा. कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी तिथे खरा रोबो आहे की फक्त संगणकावरचा, आणि एका पेंडंटमागे किती मुलं, हे जाऊन पाहा.

मुलाखतीला गेलात तर ‘रोबो चालवलाय’ एवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. विचारतात ते असं: ग्रिपर उघडला नाही तर आधी काय बघाल, सीट-चेकचा अलार्म येतोय पण जॉब बसलेला दिसतोय तर काय कराल. पहिल्याला हवेचा दाब, मग सोलेनॉइडचा दिवा, मग रीड स्विच. दुसऱ्याला छिद्र चिपने बुजलं असेल असं पटकन म्हणू नका. छिद्र बुजलं तर दाब चढतो आणि जॉब नसतानाही ‘ओके’ येतं. अलार्म येतोय म्हणजे हवा निसटतेय: सीटवर कण, घासलेला जॉ, किंवा मागे कुठेतरी फुटलेली नळी.